टीबीची औषधं लागू पडत नाहीत तेव्हा

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. चाळिशीतले एक रिक्षाचालक माझ्याकडे टीबीचे उपचार घेत होते. तीन महिने झाले तरी खोकला थांबेना, वजन वाढेना, बेडक्यात जंतू दिसतच होते. मी वैतागून म्हणालो, "तुम्ही गोळ्या चुकवताय."

"नाही हो साहेब, रोज घेतो. लघवी केशरी होते की!"

रिफाम्पिसिन पोटात गेलं की लघवी केशरी होते, हे मीच त्यांना सांगितलं होतं. तरी माझा विश्वास बसला नाही. तीच औषधं देऊन मी त्यांना आणखी महिनाभरासाठी घरी पाठवलं.

अखेर बेडका एका प्रयोगशाळेत पाठवला. त्यातले जंतू वाढवण्यातच काही आठवडे गेले. मग ते ९६ खळग्यांच्या छोट्या प्लास्टिकच्या ताटलीत, वेगवेगळ्या औषधांसोबत ठेवले. आठवड्याभराने प्रत्येक खळग्यात रेझाझुरिन नावाचा निळा रंग घातला.

या रंगाची गंमत अशी: जिवंत जंतू अन्नापासून ऊर्जा तयार करताना इलेक्ट्रॉन मोकळे करतो. ते रंगाला मिळाले की निळ्याचा गुलाबी होतो. औषधाने जंतू मेला किंवा त्याची वाढ थांबली, तर रंग निळाच राहतो. डेअरीत मेथिलीन ब्लूने दूध तपासतात ते याच तत्त्वावर. दुधात जंतू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर उडतो.

औषध न घातलेला खळगा गुलाबी व्हायला हवा आणि जंतू न घातलेला निळाच राहायला हवा, तरच निकाल धरायचा. दोन्ही तसेच होते. आणि आयसोनायझिड, रिफाम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांच्या ओळी चक्क गुलाबी! जुन्या पद्धतीने हे कळायला आणखी चार ते सहा आठवडे गेले असते.

पेशंट खरं बोलत होता. गोळ्या पोटात जात होत्या, पण जंतू त्यांना जुमानत नव्हता.

वेगळी औषधं सुरू झाली. दोन वर्षांनी ते बरे झाले. पण माझ्या हट्टापायी वाया गेलेल्या त्या महिन्यात घरात दोन लहान मुलं त्यांच्या शेजारी झोपत होती. सुदैवाने मुलांना काही झालं नाही. त्यात माझं श्रेय शून्य. मी त्यांची माफी मागितली.

२०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या रंगाच्या चाचणीला तात्पुरती पद्धत म्हणून मर्यादित मान्यता दिली. आज सीबीनॅट चाचणीत रिफाम्पिसिन चालेल की नाही, हे साधारण दोन तासांत कळतं, आणि सरकारी केंद्रांत ती मोफत होते.

म्हणून सांगतो, टीबीची औषधं नियमित घेऊनही दोन महिन्यांत फरक वाटत नसेल, तर गोळ्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "माझ्या जंतूवर ही औषधं चालतात का, ते तपासलंय का?" हा प्रश्न विचारल्याबद्दल कोणी रागावलं, तरी विचारा.