सीव्हीचा रकाना

सोयाबीन क्विंटलात मोजतात, ऊस टनात. मग दोन्हींतलं जास्त बेभरवशाचं पीक कोणतं, हे ठरवायचं कसं? नांदेड-लातूरकडच्या मुलांना विचरण गुणांक शिकवताना मी या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. फळ्यावर उदाहरणादाखल आकडे मांडतो: सोयाबीनचा सरासरी एकरी उतारा ८ क्विंटल, प्रमाण विचलन २.४, उसाचा ४० टन, विचलन ६. विचलनाला सरासरीने भागून शंभराने गुणलं की सोयाबीन ३० टक्के, ऊस १५. एकक गळून पडतं आणि दोन्ही पिकं शेजारी ठेवता येतात. कार्ल पिअर्सन यांनी १८९६ मध्ये मांडलेलं हे माप इतकं साधं आहे.

कृषी विद्यापीठाच्या वाणचाचणीच्या तक्त्याखालीही हा गुणांक 'सीव्ही' या नावानं छापलेला असतो. तिथं मात्र तो पिकाचा भरवसा सांगत नाही. प्लॉटमधली जमीन, पेरणी, मोजणी किती सारखी होती ते सांगतो.

तापमानाला हा गुणांक लावूच नये. तेच आकडे सेल्सिअसऐवजी फॅरनहाइटमध्ये लिहिले की उत्तर बदलतं. मार्चच्या पावसालाही जपून लावावा; सरासरीच तुटपुंजी, त्यामुळे एखाद्या वर्षीचा जोरदार अवकाळीही गुणांक शंभराच्या पार नेतो.

मी जास्त वेळ देतो तो वर्षांच्या क्रमाला. २०१४ आणि २०१५, लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला. धनेगावचं मांजरा धरण आटलं आणि १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला सुमारे ५ लाख लिटर घेऊन. हीच दोन वर्षं यादीत एकमेकांपासून लांब ठेवून पाहा. सरासरी तीच, गुणांकही तोच. पण मधल्या चांगल्या पावसात धरणात पाणी आलं असतं. गुणांकाला हा फरक दिसत नाही, आणि लातूरकरांनी घागरी घेऊन रांगेत काढलेला उन्हाळा नेमका या फरकाचा होता.

उसाचे ते १५ टक्केही मग वेगळे वाचावे लागतात. पावसाचा लहरीपणा धरण आणि बोअर पोटात घेतात, म्हणून उतारा स्थिर दिसतो. पाणी संपलं की लागवडच घटते, उभा ऊस चाऱ्याला जातो. तो एकरी उताऱ्याच्या हिशेबात येतच नाही. म्हणून मुलांकडून मी गुणांकासोबत वर्षवार पाऊस आणि लागवडीखालचं क्षेत्र, दोन्ही मागतो.