गंधाराचा मान

हळदीच्या रात्री बेंजो वाजला नाही तर आमच्या रायगडात लग्न लागल्यासारखं वाटत नाही. गणपतीच्या मिरवणुकीतही तेच. आगरी-कोळी गाण्याची चाल त्या बटणांतून निघाली की गुडघे धरून बसलेली माणसंसुद्धा उठतात. हे वाद्य इथलंच, पिढ्यान्‌पिढ्यांचं, असं कुणीही छातीठोकपणे सांगेल. प्रत्यक्षात त्याचा मूळपुरुष ‘ताइशोगोतो’ जपानमधल्या नागोया शहरात 1912 साली जन्मला. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवण्याची कल्पना मोरिता गोरो यांची. तेच वाद्य आपल्याकडे बुलबुलतरंग झालं, मग बेंजो झालं, त्याला पिकअप आणि अँप्लिफायर लागला आणि बघता बघता ते आमच्या मातीत मुरलं. माझं व्हायोलिनही परदेशी. बाळुस्वामी दीक्षितरांनी ते दक्षिणेत रुजवलं. आपल्याकडे गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग यांनी त्याला असं काही गायला लावलं की त्याचा परकेपणा विचारण्याचं कुणाला कारणच उरलं नाही.

परंपरा अशी डोळ्यांदेखत घडते, तर मग एखादी परंपरा मुद्दाम कल्पून का पाहू नये? मी पेणचा, व्हायोलिन वाजवणारा. माझा मित्र रोह्याचा, सीझनला पथकात बेंजो वाजवणारा. तो रोह्याहून गाडीत बसतो. निडी, नागोठणे, कासू करत पेणला उतरतो, आणि आम्ही एका गणपतीच्या कारखान्याच्या माळ्यावर बसतो. खाली शाडूच्या मूर्ती वाळत असतात. वर आम्ही एका गावाचं संगीत वाजवत असतो, आणि ते गाव कुठल्याच नकाशावर नाही.

हे आमच्या डोक्यातून निघालेलं नवल नाही. फ्रान्समधल्या ल्यों शहरात 1977 साली काही वादकांनी एक संस्था काढली, तिच्या नावातच ‘कल्पित लोकसंगीताचा शोध’ आहे. आणि त्याच्याही आधी आपल्याकडे कुमार गंधर्वांनी देवासला राहून माळव्याची लोकगीतं ऐकली, त्यांतून धुनउगम राग बांधले. 1965 साली ‘अनूपरागविलास’ आलं. कुमारांनी खऱ्या धुनेतला राग ओळखला. आमच्या हाताशी तशी धून नाही. आम्ही आधी माणसं कल्पतो, त्यांचं काम कल्पतो आणि मग त्यांच्या हातून काय वाजेल ते शोधतो.

आमचं गाव खारेपाटातलं. पेणच्या पश्चिमेला, धरमतर खाडीच्या अंगाला, जिथे बांध घालून समुद्र अडवलेला असतो आणि उघाडीतून पाणी आत-बाहेर सोडतात. तिथल्या मिठागरात राबणाऱ्या माणसांकडे तारेचं वाद्य असतं तर? पहिली गोष्ट, खाऱ्या हवेनं तार गंजली असती. घट्ट ताणलेली गंजकी तार टिकत नाही, म्हणून त्यांनी ती सैल लावली असती. मी व्हायोलिन नेहमीच्या पट्टीहून दोन-अडीच स्वर खाली उतरवलं आणि वाद्याचा स्वभावच पालटला. सैल तार गजाला चटकन उत्तर देत नाही. झपाट्याची तान घ्यायला जावं तर नुसती खरखर येते. गज सावकाश, वजन देऊन ओढावा लागतो, तेव्हा कुठे आतून जाड, दमट आवाज उमटतो. तानेचा मार्गच बंद झाला. मिठाचं लाकडी फावडं चालतं तसा गज चालू लागला: आपल्याकडे लांब ओढ, आणि परतताना हलकी उचल. आमच्या संगीताचा सारा ठेका या एका हालचालीतून आला. तो कुणी मात्रा मोजून बसवलेला नाही.

दुसरी गोष्ट बेंजोची, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. बेंजोचं बटण दाबलं की स्वर ठरलेल्या जागीच बोलतो. आमच्या कल्पित गावाचा गंधार मात्र कोमलही नाही आणि शुद्धही नाही, मधेच कुठेतरी डुलणारा. व्हायोलिनवर बोट जरा सरकवलं की तो मिळतो. बेंजोवर तो नाहीच. दोघांनी आपापला गंधार वाजवला की स्वर एकमेकांवर घासायचे आणि अंगावर काटा यायचा. शेवटी मित्रानं गंधाराचं बटण दाबणंच सोडून दिलं. रिषभावरून तो थेट मध्यमावर जातो आणि मधली जागा माझ्यासाठी मोकळी ठेवतो. रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीचे मान ठरलेले असतात, हे तो लहानपणापासून पाहत आलेला. तोच म्हणाला, “आपल्या गावात गंधाराचा मान एकाच घराकडे आहे, असं समज.” त्या वाक्यानं आमचं गाव खरं झालं. आता तो ती जागा सोडतो तेव्हा मी लगेच स्वर भरत नाही. कधी दोन आवर्तनं ती रिकामीच राहते. ऐकणाऱ्याला गंधाराची तहान लागते, आणि मग तो येतो.

उत्स्फूर्त वाजवायचं म्हणजे मनाला येईल ते वाजवायचं, असा समज फार पसरलेला आहे. माझा अनुभव नेमका उलटा आहे. बंधन जितकं नेमकं, तितकं दोघांना एकमेकांचं ऐकावं लागतं. जुगलबंदीतला सवाल-जवाब आम्ही मुद्दाम टाळतो. शक्ती-तुऱ्याच्या जाखडीत तो शोभतो, तिथे सामनाच असतो. जोग आणि बिस्मिल्ला खाँसाहेब यांच्यासारख्यांच्या हातात तो खुलतोही. पण मिठागरात दोघं शेजारी एकच काम करतात, तिथे कुणी कुणाला हरवत नाही. त्यामुळे आमच्याकडे एक जण चाल धरतो, दुसरा तिच्यात कमी काय ते पाहतो.

एक पथ्य मात्र आम्ही कडक पाळतो. खऱ्या गाण्यांना हात लावत नाही. आगरी लग्नात धवलारीण जो धवला गाते तो ऐकून मी वाढलो. त्याची मोजक्या स्वरांतली, न थांबणारी चाल माझ्या कानात इतकी भिनलेली आहे की बोटं आपोआप तिकडे वळतात. तशी वळली की मी गज थांबवतो. धवला ही लग्नविधीतली गोष्ट आहे, ज्या बाया तो पाठ करून जपतात त्यांची आहे. तिच्यातला तुकडा काढून आमच्या खोट्या गावात लावणं हा चोरीचाच प्रकार. वाजवण्याआधी श्रोत्यांनाही आम्ही स्पष्ट सांगतो, की हे लोकसंगीत नाही, आम्ही दोघांनी रचलेलं आहे. तरी कुणी येऊन म्हणतं, हे आमच्या आजीच्या वेळचं. ऐकून आनंद होतो, पण तेव्हाही आम्ही पुन्हा तेच सांगतो. कारण कल्पिलेल्या परंपरेला खऱ्याचं लेबल लागलं की खऱ्या परंपरेची जागा अडते, आणि तिला आधीच जागा कमी आहे.

आमचं गाव आम्ही उद्या पुन्हा रचू शकतो. धवला एकदा गेला तर कुणाला रचता यायचा नाही. तुमच्या घरात, भावकीत, शेजारच्या पाड्यात धवले येणारी कुणी वडीलधारी बाई असेल तर या लग्नसराईत तिच्याजवळ जाऊन बसा. डीजे तासभर बंद ठेवा. तिची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा, शब्द वहीत उतरवून घ्या आणि वहीवर तिचं नाव लिहा.