भाचीच्या खिडक्या

माझी भाची दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात यात नवल काही नाही. बारावीनंतर तिने बीसीएला प्रवेश घेतला. आमच्या खानदानात संगणक शिकणारी ही पहिलीच मुलगी, त्यामुळे अम्मीने सगळ्या मोहल्ल्यात पेढे वाटले होते. पहिलं सत्र संपल्यावर ती चिखलीला आमच्याकडे आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "मामू, हे माझ्याने होणार नाही. मी डी.एड. करते."

मी लगेच समजावायला बसलो नाही. म्हटलं, आधी तुझा लॅपटॉप दाखव.

जुना, 14 इंची लॅपटॉप. डावीकडे फाइलींची यादी, खाली उत्तराची पट्टी, आणि मधे उरलेल्या जागेत तिचा प्रोग्राम. शेजारी वही. वहीत तिने लूप, फंक्शन, ॲरे सगळं उर्दूत, स्वतःच्या शब्दांत उतरवलेलं होतं आणि ते अगदी बरोबर होतं. म्हणजे पोरीला समजत होतं. वर्गात कुणीतरी त्या वहीला हसलं होतं, म्हणून तिने ती दप्तरातून बाहेर काढणं बंद केलं होतं. टिपणं संगणकावर उतरवून पाहिली, तर उर्दूत इंग्रजी शब्द आला की ओळीची उलटापालट व्हायची. रोज खिडक्या ओढून नीट लावायच्या, आणि वीज गेली, बॅटरी संपली की पुन्हा पहिल्यापासून.

मला अम्मीचं शिलाई मशीन आठवलं. आमचं घर दोन खोल्यांचं. रात्री अंथरुणं टाकायची म्हणून मशीन रोज कोपऱ्यात सरकवावं लागे, आणि सकाळी पुन्हा उजेडात. रोज दोन बोटं इकडे-तिकडे होई आणि अम्मी कुरकुरे. शेवटी तिने फरशीवर रंगाने चार खुणा केल्या. त्यानंतर आम्हा भावंडांपैकी कुणीही मशीन आणून ठेवलं, तरी ते बरोबर जागेवरच बसायचं.

भाचीला तशाच खुणा हव्या होत्या.

मी गेली काही वर्षं ईमॅक्स वापरतो. हा प्रोग्राम जुना आहे. त्याची सुरुवात 1976 साली अमेरिकेतल्या एमआयटीत झाली, आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी नव्याने लिहिलेला जीएनयू ईमॅक्स 1985 साली लोकांच्या हाती आला. त्याचं वय त्याच्या शब्दांत दिसतं. आज आपण पडद्यावरच्या ज्या चौकटीला विंडो म्हणतो तिला तो फ्रेम म्हणतो, आणि त्या चौकटीच्या आत पाडलेल्या कप्प्यांना विंडो. त्याची खरी गंमत म्हणजे कळ दाबून जे करता येतं, ते सगळं लिस्प नावाच्या भाषेत लिहूनही करता येतं. खिडकी फोडणं हीसुद्धा एक आज्ञाच.

आम्ही एक छोटं फंक्शन लिहिलं. पहिली ओळ 'डिलीट-अदर-विंडोज': आधी सगळा पसारा आवरून एकच खिडकी ठेव. दुसरी 'स्प्लिट-विंडो-बिलो', सोबत आकडा उणे 8: खाली 8 ओळींची पट्टी काढ, तिथे उत्तर दिसेल. आकडा उणे दिला की तो नव्या, खालच्या खिडकीला लागू होतो. तिसरी 'स्प्लिट-विंडो-राइट', आकडा 60: डावीकडे प्रोग्रामला साधारण 60 अक्षरांची रुंदी, उरलेली उजवी बाजू टिपणांची. पुढच्या ओळींत कोणत्या खिडकीत कोणती फाइल उघडायची ते. हे सगळं सुरुवातीच्या फाइलीत ठेवलं आणि एफ 9 या कळीला बांधलं. आता वीज जाऊ दे. एक कळ, आणि घर पुन्हा लागलेलं.

उर्दूचा प्रश्न मात्र खिडकीने सुटला नाही. उजवीकडून डावीकडे जाणारा मजकूर ईमॅक्सला 2012 सालच्या 24व्या आवृत्तीपासून नीट दाखवता येतो. पण परिच्छेद कोणत्या बाजूने सुरू करायचा हे तो पहिल्या अक्षरावरून ठरवतो. भाचीचं टिपण 'फॉर' या रोमन शब्दाने सुरू झालं की सगळा परिच्छेद डावीकडे पळायचा. दिशा ही खिडकीची नसते, तिच्यातल्या मजकुराची असते, हे मलाही तेव्हाच नीट कळलं. त्यासाठी 'बिडी-पॅराग्राफ-डायरेक्शन' नावाची एक सोय आहे. टिपणांच्या फाइलीपुरती ती उजवीकडून डावीकडे अशी पक्की केली. प्रोग्रामची फाइल डावीकडूनच चालली. एकाच पडद्यावर दोन लिपी, आपापल्या दिशेने, एकमेकींना धक्का न लावता.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत ईमॅक्स नाही. तिथे जो एडिटर दिलाय तोच वापरावा लागतो, आणि मला ते चूकही वाटत नाही; परीक्षा सगळ्यांना सारखी हवी. पण त्या एडिटरचीही मांडणी एका साध्या मजकूर फाइलीत लिहिलेली असते, हे कळल्यावर तिने तिथे एक ओळ बदलली आणि फाइलींची यादी उजवीकडे नेली. कुणाला विचारावं लागलं नाही, कुणाचं काही बिघडलंही नाही.

तयार मिळालेली मांडणी आपण नियम समजून बसतो. ती फक्त कुणीतरी, कुणाच्या तरी सोयीने लावलेली असते. ती आपल्याला जमली नाही की आपल्याला वाटतं, आपल्यातच काही कमी आहे. किती मुलं-मुली याच समजुतीपायी परत फिरत असतील! आणि हाताने केलेला बदल दिवसापुरता टिकतो. लिहून ठेवलेला उद्याही राहतो आणि दुसऱ्याला देताही येतो.

ती परत जायच्या आदल्या रात्री मी सहज तिच्या पडद्याकडे पाहिलं. मांडणी वेगळी होती. टिपणांची खिडकी वरपासून खालपर्यंत गेली होती आणि उत्तराची पट्टी फक्त प्रोग्रामच्या खाली.

"हे काय केलंस?"

"दोन ओळींची अदलाबदल केली, मामू. आधी उजवीकडे फोडली, मग खाली. तुमच्या मांडणीत माझी टिपणं अर्धवट दिसत होती."

त्या एका वाक्याने मला जो आनंद झाला, तो पहिल्या पगारालाही झाला नव्हता. कॉलेजने न सांगता, गुणांसाठी नाही, स्वतःच्या गरजेसाठी तिने केलेलं हे पहिलं काम.

डी.एड.चा विषय पुन्हा निघाला नाही. पुढे निघेलही, मी हमी देत नाही. पण मागच्या आठवड्यात तिचा फोन आला होता. तिच्या वर्गातल्या आणखी एका उर्दू शाळेच्या मुलीला ती फाइल हवी आहे, देऊ का, असं विचारत होती.