पौलाचा काटा

नागीण होऊन गेली, फोड सुकले, पण बरगडीखालची आग रात्री अजून जागी होते. मग मी बायबलमधलं करिंथकरांस दुसरं पत्र काढते, अध्याय 12. देहातला काटा काढून टाक म्हणून पौलाने प्रभूला तीनदा विनवलं. काटा राहिला, मिळाली ती कृपा. काटा कसला, आजार की आणखी काही, हे तो सांगतच नाही. म्हणूनच कदाचित तो मला माझा वाटतो.

दुखणं ही देवाची शिक्षा, असं कुणी प्रार्थनेनंतर हळूच सुचवलं की मी आतून पेटते. बायबलमधल्या दुःखी ईयोबाच्या मित्रांनी तेच केलं, आणि शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर.

पंडिता रमाबाई आठवतात. दुष्काळात आईवडील गेले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा, आणि 1921 मध्ये मनोरमा, एकुलती लेक. तरी केडगावात बायबलचं मराठी भाषांतर त्या अखेरपर्यंत करत राहिल्या. विश्वासाने त्यांचं दुःख हलकं झालं असेल? मला नाही वाटत. सोबत मिळाली असेल.

गेथशेमाने बागेत येशूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. तोही टळला नाही. म्हणजे मागणं चूक नव्हतं. मीही मागतेच आहे.