संगसाजाची नात

मोमिनपुऱ्यातल्या आमच्या घराच्या भिंतीवर तस्वीर कधी लागली नाही. नानी म्हणायची, "जिस घर में तस्वीर, उस घर में फरिश्ते नहीं आते." शेजारच्या गल्लीतल्या मैत्रिणींकडे गेले की माझी नजर आधी भिंतीवर जायची. कमळातली लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती. ही राजा रविवर्मांची चित्रे, हे बी.एड. करताना कळले.

रविवर्मा केरळातले, जन्म १८४८चा. त्यांचे नाव झाले ते तेलरंगातल्या व्यक्तिचित्रांनी. बडोद्याच्या सयाजीरावांसारखे राजे, राण्या, दिवाण, गोरे साहेब त्यांच्यापुढे बसले. १८९४ साली त्यांनी मुंबईत लिथो छापखाना काढला आणि राजवाड्यातली कला चार आण्यांच्या माणसाच्या घरी गेली. पुढे प्लेग आला, छापखाना मळवलीला हलला. आपली लोणावळा लोकल थांबते तेच मळवली. कर्जामुळे तो एका जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. १९०६ साली रविवर्मा गेले, १९७२ साली छापखाना आगीत जळाला.

त्या छापखान्यात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. हे वाचले आणि मला माझे नाना आठवले. नाना मुंबईत एका उर्दू छापखान्यात संगसाज होते. नस्तालीक लिपी शिशाच्या खिळ्यांत नीट बसत नाही, म्हणून उर्दू किताबा वर्षानुवर्षे दगडावरच छापल्या गेल्या. कातिब कागदावर लिहायचा, ते दगडावर उलटे उतरायचे, आणि त्यातल्या चुका संगसाज दगडावरच दुरुस्त करायचा. तेही उलट्या अक्षरांत! कातिबाचे नाव किताबेत कधीकधी यायचे. संगसाजाचे नाव कोण छापणार?

मागच्या वर्षी मी वर्गात रविवर्मांचे 'गॅलेक्सी ऑफ म्युझिशियन्स' दाखवले. निरनिराळ्या प्रांतांच्या, धर्मांच्या अकरा बायका एकत्र बसल्या-उभ्या आहेत. एका मुलीने विचारले, "टीचर, इसमें अपनी कौन?" मी मुस्लिम पोशाखातल्या बाईवर बोट ठेवले. पोरगी जवळ येऊन बघत राहिली. मग म्हणाली, "इसका नाम क्या है?"

मला उत्तर देता आले नाही. राजा-राणीच्या चित्राखाली नाव असते. या बायकांना चित्रकाराने पोशाख दिला, प्रांत दिला, चेहरेही फार सुंदर दिले. नाव मात्र एकीलाही नाही. तरी त्यांचा चेहरा तरी राहिला, असे मला त्या रात्री वाटत होते.

नाना १९९१ साली गेले. तेव्हा मतदार ओळखपत्रही निघाले नव्हते. हजला जायचे राहिले, म्हणून पासपोर्टचा फोटोही नाही. मी तीन वर्षांची होते. त्यांच्या बोटांना येणारा शाईचा वास आठवतो, चेहरा आठवत नाही. अम्मी म्हणते, नाक तुझ्यासारखे होते.

नानी आता नव्वदीच्या घरात आहे. रमजानात तिच्याजवळ बसून मी विचारले, "नाना कैसे दिखते थे?" ती बराच वेळ गप्प होती. तसबीहचे मणी थांबले होते.

"अब मेरे को भी ठीक से याद नहीं आता," ती म्हणाली. "एक निकालके रखनी थी."