उसाच्या रस्त्यावरची तिरकी ट्रॉली

नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत कोल्हापूरहून सांगलीला निघालात, तर हातकणंगल्याच्या आसपास तुमच्या गाडीचा वेग आपोआप कमी होईल. समोर ट्रॅक्टर, त्याच्यामागे एकापाठोपाठ एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या आणि त्यांवर उंच रचलेल्या उसाच्या मोळ्या. हॉर्न वाजवून उपयोग नाही. ट्रॅक्टरवरच्या गाण्यांपुढे तो ऐकूच जात नाही!

पुढे काढायची घाई करू नका, थोडं अंतर ठेवून ट्रॉलीच्या चाकांकडे पाहा. बहुतेक ट्रॉल्या ट्रॅक्टरच्या मागे सरळ येतात. एखादी मात्र सरळ रस्त्यावरही शेपूट एका बाजूला टाकून चालते. जुनी, आपटलेली असेल तर नवल नाही. पण कधी कधी फाळक्यावरचा रंग अजून चकचकीत असतो, देवाचं नाव नुकतंच लिहिलेलं असतं.

ट्रॅक्टर मोठ्या कारखान्यात तयार होतो; ट्रॉल्या मात्र बऱ्याचदा छोट्या वर्कशॉपमध्ये बनतात. या भागात कसबी हातांची कमतरता नाही. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर ओतकाम आणि यंत्रकामासाठी ओळखलं जातं. पण लोखंडी चॅनेलवर ॲक्सल बसवताना माप टेपने घेतलं की नजरेने, यावर सगळं अवलंबून असतं. तो जरा तिरका बसला, तरी रिकामी ट्रॉली काही बोलत नाही. ऊस भरला की बोलते.

हे तपासायला एक दोरी पुरते. दोन चाकांची ट्रॉली असेल, तर पुढच्या ओढदांडीच्या कडीपासून ॲक्सलच्या डाव्या टोकापर्यंत दोरी ताणा, मग उजव्या टोकापर्यंत. दोन्ही अंतरं सारखी भरली पाहिजेत. चार चाकांची असेल, तर पुढच्या फिरत्या भागाच्या मधल्या पिनपासून मागच्या ॲक्सलची टोकं मोजा. वेल्डिंगच्या रेषेत भोकं, खाचा दिसतात का तेही बघा. पहिल्या फेरीनंतर पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या आणि हबजवळ हात नेऊन पाहा. एकच बाजू चटका देण्याइतकी तापली असेल, तर काहीतरी बिनसलंय.

माझ्या मामेभावाने गेल्या दिवाळीत दोन चाकांची नवी ट्रॉली घेतली. काही फेऱ्यांतच एक टायर आतल्या बाजूने झिजला. दोरी लावली तर पाऊण इंचाचा फरक. वर्कशॉपवाला म्हणाला, "माल जास्त भरला असणार." जास्त भरला जातो, हे खरंच, त्यात कुणी धुतल्या तांदळासारखा नाही. पण जास्त ओझ्याने दोरीच्या दोन मापांत फरक कसा पडेल?

अशा वेळी हंगाम माणसाला कोंडीत पकडतो. तोडणीची टोळी फडात आलेली, तिला उचल दिलेली. तोडलेला ऊस पडून राहिला तर सुकतो, वजन घटतं. म्हणून जो तो जवळच्या वेल्डरकडे पळतो, ॲक्सल कापून नीट बसवून घेतो आणि दोषाचा पुरावा तिथेच भंगारात जातो. भावाने आधी दोरी-टेपसह फोटो काढले, वर्कशॉपला स्पीड पोस्टाने पत्र धाडलं आणि दोन दिवस शेजाऱ्याची ट्रॉली भाड्याने आणली. भाडं खिशातून गेलं, पण मला तो खर्च शहाणपणाचा वाटतो. तिसऱ्या दिवशी वर्कशॉपची माणसं आली आणि शेतातच ॲक्सल सरळ करून गेली.

टायरचे पैसे द्यायला मात्र मालक तयार नाही. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वतः राबून वापरायला वस्तू घेतली असेल, तर २०१९ च्या कायद्यानुसार शेतकरीही ग्राहकच ठरतो. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते आणि मुदत २ वर्षांची असते. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून बघता येतो. भावाने फोन केलाय, बिल आणि फोटो एका पिशवीत घालून ठेवलेत. झिजलेला टायरही गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. मामी रोज विचारते, हा कधी हलणार?