राण्यांची माहेरं

लेकीला माहेर कशासाठी लागतं? पंचमीला झोके घ्यायला, पहिल्या बाळंतपणाला, आणि सासरी काही बिनसलंच तर चार दिवस मुक्यानं जाऊन पडायला. कुणी कारण विचारत नाही, ताट वाढून पुढ्यात येतं. हा हिशेब कुणब्याच्या घरापासून वाड्यापर्यंत सारखाच असायला हवा. पण आपल्या इतिहासातल्या राण्यांच्या माहेरची गावं पाहत निघालं, की तो सारखा नव्हता हे कळत जातं.

सिंदखेडराजा बुलढाणा जिल्ह्यात, मुंबई–नागपूर रस्त्यावर. लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याचा दगडी दरवाजा आल्यागेल्याला थांबवील असा भरभक्कम आहे. त्यातून आत गेलं की मात्र महालाऐवजी चौथरे, जुन्या भिंती आणि तळघरं. जिजाऊंचा जन्म इथला, 12 जानेवारी 1598चा मानतात. दरवर्षी त्या दिवशी इथे माणसांचा पूर लोटतो. गावात त्या काळची श्रीमंती अजून वाचता येते. मोती तलाव आहे, मूर्तींनी मढलेली पुतळा बारव आहे. दुष्काळी मुलखात पाण्यावर एवढा खर्च करणारं घर म्हणजे तालेवारच.

आणि तालेवारपणच लेकीच्या आड आलं. निजामशाहीचा दरबार सुटताना खंडागळ्यांचा हत्ती बिथरला आणि त्यावरून जाधव–भोसल्यांत तलवारी निघाल्या, असं बखरी सांगतात. जिजाऊंचा भाऊ दत्ताजी चुलतदिराच्या हातून पडला, आणि तो चुलतदीर, संभाजी भोसले, जिजाऊंच्या वडिलांच्या हातून. सुतक नेमकं कुठल्या घरचं धरायचं? पुढे जुलै 1629मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहानं लखुजीरावांना मुलांनातवासकट मारलं. त्यानंतर सात महिनेही झाले नसतील, तोच शिवाजीराजांचा जन्म झाला. बाळंतपण सिंदखेडला नव्हे, शिवनेरीवर, व्याह्यांच्या आसऱ्यानं. सिंदखेडला लखुजीरावांची समाधी आहे, वाड्याहूनही धड उभी. तिच्यासमोर गेलं की तारखा आपोआप जुळायला लागतात आणि पोटुशी लेक डोळ्यांपुढे येते.

फलटणची गोष्ट निराळी. तिथल्या नाईक-निंबाळकरांशी भोसल्यांची सोयरीक पिढीजात होती. मालोजीराजांची राणी फलटणची, शिवाजीराजांच्या सईबाईही फलटणच्याच. सईबाई 1659च्या सप्टेंबरात राजगडावर वारल्या. अफझलखानाचं संकट दारात होतं आणि संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे. सईबाईंचे बंधू बजाजी आदिलशाहीचे सरदार. त्यांना मुसलमान व्हावं लागलं होतं. ते परत स्वधर्मात आले तेव्हा भोसल्यांनी त्यांना नुसतं पंगतीला बसवलं नाही, त्यांचा मुलगा महादजी याला सईबाईंची सखूबाई दिली. आईचं माहेर लेकीचं सासर झालं. नात्याला नातं जोडत घर शाबूत ठेवायचं, आणि जोड म्हणून प्रत्येक वेळी एक मुलगी द्यायची.

तळबीड कऱ्हाडजवळ, वसंतगडाच्या पायथ्याशी. हे मोहित्यांचं गाव, सोयराबाईंचं माहेर. शिवाजीराजांच्या मागे 1680मध्ये त्यांनी आपल्या राजारामांना गादीवर बसवलं. भाऊ हंबीरराव सरसेनापती, म्हणजे फौज घरचीच. मामा भाच्याला सोडून जाईल असं कोणाला वाटलं असतं? हंबीररावांनी बहिणीचा मुलगा बाजूला ठेवला आणि ते संभाजीराजांच्या मागे उभे राहिले. स्वराज्याच्या दृष्टीनं त्यांचं बरोबरच होतं. पण बहिणीच्या बाजूनं एकदा विचार करून पाहावा. दुसऱ्याच वर्षी सोयराबाई गेल्या. राजारामांना हंबीररावांची लेक ताराबाई दिलेली. औरंगजेबाशी झुंजलेली राणी ती हीच. आत्या आणि भाची, एकाच उंबऱ्यातून निघालेल्या, एकाच घरात सासू-सून झालेल्या.

शृंगारपूर संगमेश्वर तालुक्यात, प्रचितगडाखाली. सह्याद्री तिथे अंगावर येतो. पिलाजी शिर्क्यांच्या येसूबाई इथल्या. संभाजीराजांचा मुक्कामही या सासुरवाडीत घडलेला. पुढे येसूबाईंचा भाऊ गणोजी मोगलांकडे गेला, आणि फेब्रुवारी 1689मध्ये संभाजीराजे धरले गेले ते संगमेश्वरला, शृंगारपूरच्या अगदी शेजारी. त्याच वर्षी रायगड पडला, येसूबाई कैद झाल्या आणि 1719मध्ये सुटून आल्या. मध्ये तीस वर्षं. त्यांना सोडवून आणलं ते सातारच्या राज्यानं, त्यांच्या लेकाच्या. भावाच्या घराची वाट मोगलांच्या छावणीतूनच गेली होती.

एवढं पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. माहेर जितकं बलाढ्य, तितकं ते माहेर म्हणून उणं. बापाच्या पदरी घोडदळ असलं की त्याची माया मोकळी राहत नाही. तिला दरबार विचारावा लागतो.

म्हणूनच चौंडीला गेल्यावर हायसं वाटतं. जामखेड तालुक्यात, सीनाकाठचं गाव. माणकोजी शिंदे गावचे पाटील. त्यांच्या अहिल्येला मल्हारराव होळकरांनी सून करून नेलं. मुलगी 1725ची. पाटलाकडे ना फौज, ना दरबारातलं वजन. त्यामुळे त्याला जावयाशी लढावं लागलं नाही, की लेकीचा पक्ष सोडावा लागला नाही. पण पाठीशी उभं राहायचं बळही नव्हतं. पती खंडेराव 1754मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले आणि अहिल्याबाई सती जायला निघाल्या. त्यांना थोपवलं सासऱ्यानं. पुढे हाताशी धरून कारभार शिकवला तोही त्यानंच. तलवारबंद माहेरांना जे जमलं नाही, ते त्या वेळी एका सासरानं केलं. अहिल्याबाईंचं राज्य उभं राहिलं ते त्या आधारावर.